‘सांभाळून’ हा शब्द आता पुरे!

गेल्या वर्षीच्या कोजागरीची गोष्ट. सावलीतली आम्ही पंधरा-वीस मराठी घरे दर वर्षी त्या रात्री एका गच्चीवर जमतो. आमचे मसाला दूध आणि शेजारच्या गुजराती घरांतले दूध-पौंवे एकाच वेळी चंद्राला दाखवले जातात, चार गाणी होतात, दोन-तीन सत्कार होतात. त्या रात्री एक सत्कार माझा होता. शाल अंगावर आली, श्रीफळ हातात आले आणि निवेदक बंधू माइकवरून म्हणाले, “आपल्या या वहिनी दोन लहान मुलांना सांभाळून, घर सांभाळून, सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळून, जुन्या फर्निचरवर सुंदर रंगकाम करतात!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही हसले. शाल अंगावर असताना बाई दुसरे काय करणार?

माझ्यानंतर एका काकांचा सत्कार झाला. काकांनी नोकरी करून आयुष्यभर तबल्याची सेवा केली. काकांना तीन मुलगे. निवेदक बंधू त्यांच्या बोटांतल्या जादूबद्दल बोलले, त्यांच्या गुरूंबद्दल बोलले. ‘तीन मुलांना सांभाळून’ असे काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर गच्चीवर हशा पिकला असता, आणि सर्वांत मोठ्याने काकूच हसल्या असत्या.

त्याच वेळी मागच्या रांगेत माझे यजमान आमच्या दोन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते. मी जागेवर परतले तेव्हा एकापाठोपाठ तिघीजणींनी मला कानात सांगितले, “नशीबवान आहेस गं! मुलीला घेतात ते!” आपल्याच मुलीला तासभर उचलून घेतल्याबद्दल त्यांच्या वाट्याला जे कौतुक आले, ते माझ्या शालीपेक्षा काही कमी नव्हते.

वाचकहो, त्या रात्रीपासून ‘सांभाळून’ हा शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. आपण द्विभाषिक मुलखातली माणसे. एका भाषेत सापडलेली खोच दुसऱ्या भाषेत तरी सुटेल अशी आपल्याला आशा असते. पण इथे तीही सोय नाही. माझ्या शेजारणी म्हणतात, “घर संभाळीने करे छे, बोलो!” शब्द तोच, सूर तोच, मान डोलावणेही तेच. आणि लगेच पुढे, “एने शोख छे ने!” म्हणजे मला छंद आहे. बाईने घरात बसून केले की तो शोख होतो आणि पुरुषाने दुकान टाकून केले की तो धंदा होतो, एवढा हिशेब दोन्ही भाषांनी मिळून पक्का केला आहे.

आता मी करते काय ते सांगते. माझे माहेर सावंतवाडीचे. तिथल्या चितार आळीत लाकडी फळे, खेळणी, रंगीत पाट टांगलेले पाहतच मी वाढले. लग्न होऊन आले ती या सावलीत. आपल्यापैकी अनेकांना हे गाव ठाऊक नसेल. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला, त्यांचे अंत्यसंस्कार इथे झाले. पिलाजीराव आणि दमाजीराव या बापलेकांच्या नावाची देवळे इथल्या तळ्याच्या काठी आहेत. म्हणजे मराठी माणूस इथला पाहुणा नाही, पावणेतीनशे वर्षांहून जुना रहिवासी आहे. यजमान मंजुसरच्या वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला आहेत.

इथल्या जुन्या घरांत लाकूड फार चांगले. सागवानी हिंचके, पितळी कड्यांचे पटारे, बाजोठ, पाळणे. नवे घर बांधले की हे सगळे माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे, आणि त्याच्या जागी प्लायवूड आणि सनमायका येतो. मी या जुन्या वस्तू घेते, घासते, दुरुस्त करून घेते आणि रंगवते. कधी चितार आळीतली वेलबुट्टी, कधी इकडचे मोर आणि पोपट. २०१३ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या संखेड्याचे खरादी लोक लाकडावर कथलाच्या रंगाने पांढरी नक्षी काढतात आणि वर लाखेचा हात फिरला की ती सोन्यासारखी दिसू लागते. ते कसब माझ्याकडे नाही. पण रंगाखाली लाकूड जिवंत ठेवायचे असते, एवढे मी त्या कामाकडे पाहून शिकले.

एका साध्या खुर्चीचा हिशेब मांडते. जुना रंग काढून घासायला चार तास. भेगा भरून पुन्हा घासायला दोन. अस्तराचा हात आणि वाळवण. रंगाचे दोन हात, मध्ये पुन्हा बारीक कागदाने घासणे. नक्षीला पाच-सहा तास. शेवटी व्हार्निश. हाताला काम असलेले तास चौदा-पंधरा, आणि दिवस आठ. या कामात एक अट असते. हात एकदा लावायला घेतला की तो पुरा करावा लागतो. मध्येच उठून मुलीला वरण-भात भरवून आलात तर तोवर कड वाळते आणि नव्या-जुन्या रंगाचा सांधा जन्मभर दिसत राहतो. मी रंगवलेल्या पहिल्या चार वस्तूंवर असे सांधे आहेत. लोकांना ते दिसत नाहीत. मला प्रत्येक सांध्यावर कोण रडले होते ते आठवते.

हे झाले कामाचे. आता ‘सांभाळून’ काम करणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते ते सांगते, कारण ते शाल देताना कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुना पाळणा आला. तीन पिढ्यांचा. त्यावर हिरव्या, पिवळ्या तेलरंगाचे किती थर होते देव जाणे. काम करायला जागा म्हणजे मागची पडवी. मुलगी तेव्हा नुकती रांगू लागली होती. ती माझ्यापासून चार हातांवर चटईवर खेळत होती आणि मी पाळणा घासत होते. घरातले येता-जाता म्हणत होते, “बघा, लेकीवर लक्ष ठेवून कसं काम चाललंय!” रंगाची पिवळी भुकटी हवेत उडत होती, चटईवर बसत होती, आणि मुलगी मुठी तोंडात घालत होती.

पुढे काही दिवसांनी नवा रंग आणताना डब्यावर ‘शिसे मिसळलेले नाही’ असे वाचले आणि मनात शंका आली, मग जुन्यात होते की काय? चौकशी केली. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या सरकारने २०१६ साली केला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसे भरपूर असू शकते. आणि शिशाची भुकटी लहान मुलाच्या पोटात गेली तर ती त्याच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. किती प्रमाणापर्यंत चालेल अशी सुरक्षित मर्यादाच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुलीचे रक्त तपासायला दिले. निकाल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. निकाल चांगला आला. पण त्या दिवशी मला कळले की ज्याचे सगळे कौतुक करत होते, तोच माझ्या हातून घडलेला सर्वांत मोठा अविचार होता. मुलाला जवळ घेऊन काम करणारी आई चित्रात गोड दिसते. पडवीत ती आई आणि ते मूल दोघेही विषाची भुकटी हुंगत असतात. हे काम मुलाला सांभाळून होत नाही. मुलाला दुसऱ्या कोणी तरी सांभाळल्यावरच होते. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कोणी बोलले नव्हते, मीसुद्धा नाही.

मी दोन महिने काम बंद ठेवले. मग एका रविवारी सासूबाई आणि यजमान दोघांना समोर बसवून सांगितले, “मला मागची खोली हवी, तिला कडी हवी, आणि रोज दुपारचे तीन तास हवेत.” सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग मुलीला कोण बघणार?” मी म्हटले, “आई, तेच तर विचारायला बसलेय.” अर्धा मिनिट कोणी बोलले नाही. मला वाटते, लग्नानंतरच्या नऊ वर्षांत त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याखेरीज दुसऱ्या कोणी शोधण्याची ती पहिलीच वेळ असावी. उत्तर सापडले. दुपारी सासूबाई, रविवारी यजमान. आता मी जुना रंग ओल्या कागदाने घासते, तोंडाला चांगला मुखवटा लावते, खोलीतले कपडे खोलीतच बदलते आणि हात धुऊन बाहेर येते. खोलीला कडी आहे.

काही जण म्हणतील, हे तुमच्या घरचे झाले, त्याचा लेख कशाला? लेख अशासाठी की हे एका घरचे नाही. २०२४ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात. पुरुषांपैकी जे मुळात घरकामाला हात लावतात, त्यांची जातात ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे सुटली, तर पुरुषांनी आपलीही नऊ मिनिटे सोडवून घेतली! पावणेपाच तासांचे हे घरकाम, वर मुलांचे वेगळे. त्यातून जो वेळ उरतो त्यात कला करायची, आणि तिला ‘समतोल’ म्हणायचे. तराजूच्या एका पारड्यात पोते आणि दुसऱ्यात चिमूट ठेवून काटा सरळ राहिला, तर आपण तराजू तपासतो. इथे मात्र त्या बाईला शाल देतो.

बरे, या कामाचे मोल कोणी करतच नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात मृत गृहिणींच्या घरकामाचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. २०२१ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे उत्पन्न धरलेच पाहिजे, असे पुन्हा बजावले. पण हे सारे हिशेब नुकसानभरपाईचे आहेत. म्हणजे बाईच्या कामाची किंमत ठरते ती बाई गेल्यावर. आम्हाला ती जिवंतपणी हवी आहे.

कलेच्या इतिहासाकडे पाहा. आपल्या डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक पिढ्यान् पिढ्या सवाशिणी लिहीत आल्या. ते घरातले काम होते, विधी होता. १९७० नंतर तेच चित्र कागदावर आले, प्रदर्शनांत गेले, त्याला किंमत आली, आणि जगाला माहीत झालेले पहिले नाव जिव्या सोमा मशे या पुरुषाचे होते. मशे थोर कलावंत होते, २०११ ची पद्मश्री त्यांना योग्यच मिळाली. माझे भांडण त्यांच्याशी नाही. मला त्या आधीच्या शेकडो सवाशिणींपैकी एकीचे तरी नाव सांगा, एवढेच मी म्हणते. इकडे छोटाउदेपूरच्या राठवा लोकांत पिठोऱ्याची भिंत शेणामातीने सारवून तयार करायची ती कुमारिकांनी, आणि तीवर देवाचे घोडे काढायचे ते पुरुष लखाऱ्याने. भिंत करणारी वेगळी, सही करणारा वेगळा. आपल्या पांढरपेशा घरांत यापेक्षा वेगळे काय चालते?

उलट उदाहरणही आहे, आणि ते माझ्या दोन्ही घरांना जोडणारे आहे. सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले या बडोद्याच्या गायकवाडांची लेक. त्या इकडून तिकडे गेल्या, मी तिकडून इकडे आले! विझत चाललेली गंजिफा आणि लाखकाम त्यांनी आणि शिवरामराजांनी पुन्हा उभे केले, जुन्या चिताऱ्याकडून शिकून घेतले, आणि राजवाड्याच्या दरबारात रंगकामाची बैठक मांडली. लहानपणी मी तिथे बायका-मुलींना ओळीने बसून रंगवताना पाहिले आहे. त्यांच्याजवळ पाळणा नव्हता, चुलीवर दूध नव्हते. कामाला जागा होती, वेळ होती. कोणी म्हणेल, राजवाड्याची गोष्ट वेगळी. असेल. पण त्या बायका काही राण्या नव्हत्या. जागा आणि वेळ मिळाल्यावर साध्या घरच्या बाईचा हात किती स्थिर होतो, ते मी तिथे पाहिले.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप प्रेमाचा असतो. “मुलं लहान आहेत तोवर थांब, कला कुठे पळून जातेय?” ती पळून जाते. पाच वर्षे ब्रश धरला नाही की रेघ थरथरते. गवयाला कोणी म्हणत नाही की मुले मोठी होईपर्यंत रियाज बंद ठेवा.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा असतो. “कलेचा हिशेब पैशात करू नये.” हे मला एका गृहस्थांनी हिंचका नेताना सांगितले. सुताराने त्याच हिंचक्याचे सांधे आवळले होते. त्याचे नऊशे रुपये त्यांनी न बोलता मोजले. माझ्या अकरा दिवसांच्या कामाचे पैसे सांगितल्यावर ते म्हणाले, “तुम्ही तर घरीच असता!” हिंचका मी परत आत नेला. संध्याकाळी ते पैसे घेऊन आले. तो हिंचका त्यांच्या दिवाणखान्यात आहे, आणि पाहुण्यांना ते किंमत सांगूनच दाखवतात असे ऐकते.

तिसरा आक्षेप बायकांचाच असतो, आणि तो सर्वांत कठीण. “मला नाही बाई पैसे-बिसे करायचे, मी मनासाठी करते.” ताई, जरूर करा. मन रमवण्याचा हक्क कोणाच्या बापाचा नाही. पण तुम्ही तो निवडलेला आहे की दुसरे काही मागायची भीती वाटते म्हणून तो गोड मानून घेतलेला आहे, हे एकदा दार लावून स्वतःला विचारा. मी विचारले होते. माझे उत्तर मला आवडले नाही.

आणि सरकारही घरासारखेच वागते बरे! २०२३ च्या सप्टेंबरात प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आली. हाताच्या कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. चांगली योजना. पण एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला तिचा लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. जे अठरा धंदे धरले त्यांत सुतार आहे, लाकडावर रंगकाम नाही. आता ज्या घरात तो लाकूड घडवतो आणि ती रंगवते, तिथे अर्जावर कोणाचे नाव जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

मग करायचे काय? क्रांतीची भाषा मला येत नाही. मला वस्तूंची भाषा येते, म्हणून वस्तूच मागते. कामाला एक कोपरा, ज्याला कडी आहे आणि जिथे रांगते मूल पोचत नाही. दिवसातले ठरलेले तास, ज्या तासांत ‘अगं, जरा’ अशी हाक येणार नाही, आणि त्या वेळी मूल कोणाकडे हे आधी ठरलेले असेल. पावतीवर तिचे स्वतःचे नाव. वस्तूच्या तळाशी तिची सही. आणि घरी येणाऱ्या पाहुण्याने “वहिनींचा छंद फार छान” म्हटले, तर यजमानांनी न लाजता म्हणावे, “छंद नाही हो, व्यवसाय आहे.” आमच्याकडे ते आता म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संपादक महाशय, एक विनंती तुम्हालाही आहे, रागावू नका. दिवाळी अंकाच्या शेवटी लेखक-परिचय असतो. लेखकांच्या परिचयात पुस्तके असतात, पुरस्कार असतात. लेखिकांच्या परिचयात मात्र ‘घरसंसार सांभाळून लेखन’ हे शब्द हमखास डोकावतात. या अंकात ते नसावेत. माझ्या नावापुढे एवढेच छापा, की ही सावलीत फर्निचर रंगवते.

सासूबाईंना हा लेख वाचून दाखवला. त्या सगळा ऐकून म्हणाल्या, “त्यात मी दुपारी मुलीला सांभाळते ते नीट लिहिलंयस ना?” मी म्हटले, लिहिले आहे. त्यांचे नाव आणि त्यांचे तास, दोन्ही मान्य. कारण त्यांच्याही वेळेला दाम नाही, आणि हा हिशेब त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. त्यांना स्वतःला लहानपणी भरतकाम फार सुरेख येत असे. ते कधी आणि का सुटले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “सुटलं कुठे? मुलं सांभाळायची होती.” मग थोडा वेळ खिडकीकडे पाहत बसल्या.

येत्या कोजागरीला काकूंना माइक द्या, आणि काकांचा तबला चालू असताना तीन मुलगे कोणी वाढवले, ते त्यांच्या तोंडून ऐका.